क्लाइव्हच्या अक्षरातला मिलेनियम

इंग्रजी स्पेलिंग ही मानवी संस्कृतीची शेवटची तटबंदी आहे आणि ती ढासळली की मागोमाग सगळंच ढासळेल, असं ऑल्सथॉर्प गावाचं ठाम मत होतं. गावाच्या सभागृहाबाहेरच्या पाटीवर 'कमिटी' या शब्दात एक टी कमी होता आणि तो कुणी घालायचा हे कमिटीत एकोणीस वर्षं ठरत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी दोन वाजता त्या सभागृहात स्पेलिंगच्या ढालीची अंतिम लढत सुरू झाली. एका बाजूला प्लाऊ पबचा संघ, अकरा वर्षांचा अजिंक्य. दुसऱ्या बाजूला वाचनालयाच्या बायका, अकरा वर्षांच्या उपविजेत्या. भोवती साठेक माणसं, चहा आणि अंड्याची सँडविचेस.

वाचनालयाची कप्तान डॉरीन ॲटकिन. प्लाऊचा कप्तान क्लाइव्ह ॲटकिन. आडनाव एक, कारण सव्वीस वर्षं घर एक होतं. घटस्फोटानंतर डॉरीनने ते बदललं नाही, कारण त्यासाठी भरायचे फॉर्म क्लाइव्हच्या स्वभावाहून कटकटीचे निघाले.

क्लाइव्ह दुसऱ्याच्या चुका काढण्यात वाकबगार. लग्नाआधी डॉरीनने पाठवलेली प्रेमपत्रं त्याने लाल शाईने तपासून परत केली होती. तिला तेव्हा ते गोड वाटलं होतं. पुढे तिच्या वकिलाची नोटीस त्याला गेली, तीही तीन दुरुस्त्यांसह परत आली. तेव्हा गोड वाटलं नाही. ढालीच्या पितळेशी डॉरीनला काही देणंघेणं नव्हतं. क्लाइव्हला एकदा, फक्त एकदा, साठ माणसांदेखत स्पेलिंगमध्ये हरलेलं तिला बघायचं होतं.

शब्द सांगायला हम्फ्री टेट. त्याचा जन्म गुरांच्या लिलावात गेलेला. प्रत्येक शब्द तो बैल उभा केल्यासारखा पुकारायचा.

"पहिला शब्द, याट! शिडाची नौका! एकदा... दोनदा... लिहा!"

डॉरीनच्या शेजारी बेरिल बसली होती. वय चौऱ्याऐंशी, गावच्या पोस्टात हयात गेलेली. "यात सी-एच कशाला घुसडलेत गं?" ती कुजबुजली. तिची कुजबूज सभागृहाच्या दारापर्यंत पोचायची.

"बुडू नये म्हणून. हळू बोल!"

दुसऱ्या फेरीत अनेकवचनं आली आणि वातावरण तापलं. एका गूसचे अनेक गीस होतात, मग एका मूसचं, त्या थोराड हरणाचं, काय?

"मूसच," बेरिल म्हणाली. "शीपसारखं. कळप आला तरी शीपच."

"पण माऊसचे माईस होतात. मग हाऊसचे?" डॉरीनने विचारलं.

"हाऊसेस. उंदीर शिरले म्हणून घरं बदलत नाहीत."

विजार एकच असली तरी इंग्रजीत ती अनेकवचनीच, हे हम्फ्रीने आठवण म्हणून सांगितलं. "आमच्या ह्यांच्याकडे एकच अनेकवचन होतं," बेरिल म्हणाली, "रविवारी धुवायचे." पलीकडे प्लाऊच्या टेबलावरही हशा पिकला. क्लाइव्ह तेवढा हसला नाही. तो कागदावर वाकून बसला होता आणि त्याचं पेन भराभर चाललं होतं. डॉरीनला ते पेन दिसत होतं. तिने उगाच स्वतःच्या हाताचा वेग वाढवला.

एकोणचाळीस शब्द झाले. चाळिसावा दोन गुणांचा.

"मिलेनियम!" हम्फ्री गरजला. "हजार वर्षं! एकदा... दोनदा... लिहा!"

मग कागदांची अदलाबदल. ऑल्सथॉर्पमध्ये परीक्षक नसतो. तुमचा कागद प्रतिस्पर्धी तपासतो आणि त्याचा तुम्ही. इथे कुणी लबाडी करणार नाही, असं गृहीतच धरलेलं असतं आणि त्यामुळे लबाडाची फार पंचाईत होते. नियम एकच: वाचता आलं नाही तर चूक, आणि ते तपासणाऱ्याने ठरवायचं.

हम्फ्री एकेक स्पेलिंग वाचत गेला. डॉरीन क्लाइव्हच्या कागदावर खुणा करत गेली. बरोबर. बरोबर. बरोबर. मग एक चूक! बेरिलने टेबलाखालून तिची मांडी दाबली. थोड्या वेळाने दुसरी चूक! डॉरीनचे कान गरम झाले.

"वाचनालयाचे एकूण गुण?"

"अडतीस," पलीकडून क्लाइव्ह म्हणाला. कोरडा आवाज. शेवटचा शब्द धरून अडतीस.

"आणि प्लाऊचे?"

डॉरीनने मोजलं. शेवटचा शब्द सोडून सदतीस. म्हणजे सगळं त्या मिलेनियमवर आलं. तो चुकला असेल तर अकरा वर्षांचा वनवास संपला. बरोबर असेल तर बारावं वर्ष.

तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सुरुवातीचा एम होता, दोन एल ताठ उभे होते, आणि त्यापुढे समुद्र. नुसत्या लाटा.

"एन दोन लागतात. यात एक आहे की दोन?" बेरिलने चष्मा पुढे-मागे केला. "हे वाचता येत नाही. काट मार!"

साठ माणसांतल्या एकोणसाठांना ते वाचता आलं नसतं. पण डॉरीनने सव्वीस वर्षं या माणसाच्या बाजाराच्या याद्या वाचल्या होत्या. 'हॅम' की 'हनी' हे तिचं एकदाच चुकलं, आणि त्या रविवारी पाहुण्यांनी मधाची सँडविचेस खाल्ली. प्रत्येक एन संपला की क्लाइव्ह पेन जरासं उचलतो आणि तिथे शाई फिकट पडते, हे जगात तिलाच ठाऊक होतं. तिने बघितलं. शाई एकदा फिकट झाली होती. पुढे परत एकदा.

"काय झालं, डॉरीन?" हम्फ्रीने हातोडा उचलला. "सभागृह थांबलंय!"

नुसतं 'वाचता येत नाही' म्हटलं की झालं. कुणाला कळणारही नव्हतं. ती उभी राहिली.

"दोन एन आहेत," ती म्हणाली. "बरोबर आहे."

"काय केलंस हे, बये!" बेरिल ओरडली. प्लाऊचं टेबल आरोळ्या ठोकत उठलं.

"प्लाऊ एकोणचाळीस! एकदा... दोनदा..."

"थांब, हम्फ्री." क्लाइव्ह उभा होता. "मी एकच एन लिहिलाय."

सभागृहात कप खाली ठेवल्याचे आवाज तेवढे आले.

"दोन लिहिलेस!" डॉरीन म्हणाली.

"एक लिहिलाय. माझं मला माहीत नसेल?"

"सव्वीस वर्षांत तुझं तुला कधी काय माहीत होतं? चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारा माणूस तू!"

"चष्म्याचा इथे काय संबंध?"

"खाली बस गं!" बेरिलने तिचा स्वेटर ओढला. "जिंकतोय आपण!"

"चाळीस वर्षं गुरं विकली मी," हम्फ्री म्हणाला, "पण बैल दारात उभा आणि दोघंही म्हणताहेत, तुम्हीच न्या, असं कधी पाहिलं नाही."

कागद टेबलाटेबलावरून फिरला. भिंग आलं. कुणी आठ लाटा मोजल्या, कुणी अकरा. चर्चच्या व्हिकरसाहेबांनी नऊ मोजून माफी मागितली. शेवटी हम्फ्रीने क्लाइव्हला तोच शब्द पुन्हा लिहायला लावला. त्याने लिहिला. समुद्र तसाच.

"अक्षर माझं, चूकही माझी," क्लाइव्ह म्हणाला. "मिलेनियमचं स्पेलिंग मला येत नाही. लिहून घ्या."

हे बोलताना त्याने डॉरीनकडे पाहिलं नाही. त्याची मान तांबडी झाली होती. दोन एन होते. तिने ते पाहिले होते, आणि त्याने ते लिहिले होते. म्हणजे हा माणूस साठ जणांदेखत खोटं बोलत होता, तेही स्पेलिंगबद्दल. ती खाली बसली.

"लिहिणारा म्हणतो चूक, तर चूक!" हम्फ्रीने हातोडा मारला. "वाचनालय!"

मग जो गोंधळ उडाला तो ऑल्सथॉर्पने महायुद्ध संपल्यापासून पाहिला नव्हता. बेरिलने हॅट वर फेकली, ती दिव्यात अडकली. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी बाकं. डॉरीनला चारी बाजूंनी मिठ्या बसत होत्या आणि ती हसत होती, रडत होती, मध्येच सँडविच खात होती.

क्लाइव्ह दोन कप घेऊन आला. "अभिनंदन, डोर."

"दोन होते, क्लाइव्ह."

"चहा घे. निवतोय."

तिने घेतला. साखर बरोबर होती.

त्यानंतर सगळा जमाव ढाल आणायला रस्ता ओलांडून प्लाऊमध्ये घुसला. ढाल अकरा वर्षांपूर्वी सहा स्क्रूंनी भिंतीत बसवलेली होती. सहाही गंजले होते. ती अजून तिथेच आहे.