शिंगं शेवटी

"फक्त दोनशे पावलं, वेंडेल. ऊन चाललंय," केलिन म्हणाली.

वेंडेलनं मान वर केली नाही. मूसच्या मागच्या फऱ्याला पांढरी पिशवी चढवून तो तिचं तोंड बांधत होता. "आधी मांस," तो म्हणाला. "मग शिंगं."

"मांस काय पळून जातंय? मेलंय ते!" कॅमेरावाला ग्रेडी म्हणाला आणि हसला. एकटाच हसला.

मी बाजूलाच काळीज साफ करत बसले होते. मी डोरीन. सप्टेंबरभर वेंडेलच्या तळावर चूल माझी, आणि उरलेलं वर्ष खाली बर्च फोर्क गावात माझं मांस कापून द्यायचं दुकान. वेंडेल ओस्टबी एकतीस वर्षं बाहेरच्या शिकाऱ्यांना या डोंगरात आणतोय. त्यातली बावीस वर्षं त्यानं माझ्या हातचं खाल्लंय आणि एकदाही मीठ कमी आहे म्हणालेला नाही. कमी असायचं, मला माहीत आहे.

आमच्याकडे अलास्कात नियम साधा आहे. मूस म्हणजे घोड्याहून उंच, रुंद शिंगांचं हरीण; तो पडला की खाण्याजोगं सगळं मांस आधी वाहून न्यायचं. शिंगं निघतात ती शेवटच्या खेपेबरोबर. नाहीतर बाहेरून आलेले हौशी लोक भिंतीवर टांगायला शिंगं नेतील आणि सहाशे पौंड मांस अस्वलांना सोडून जातील. पूर्वी नेलेलीही आहेत. दर मार्चमध्ये शाळेच्या हॉलमध्ये वेंडेल शिकारीचा वर्ग घ्यायचा, आणि पहिल्या दिवशी फळ्यावर तेवढंच लिहायचा. आधी मांस, मग शिंगं. गावातल्या निम्म्या लोकांनी ते त्याच्याकडून उतरवून घेतलं होतं. शिकारखात्याचा आमचा पोलीस टोबिन, त्यानंसुद्धा.

केलिन डॉर्सेट ओक्लाहोमाची. वय सव्वीस. टोपीपासून मोज्यापर्यंत अंगावर सगळं रिजबोन या शिकारीचे कपडे विकणाऱ्या कंपनीचं. फोनवर तिला नऊ लाख लोक बघत होते. ती यायच्या आधी मी वेंडेलला म्हटलं होतं, "बाहुली येतेय. तंबूत आरसा लावून ठेव." पण पोरीनं एका गोळीत मूस खाली आणला आणि मग त्याच्याजवळ डोळे मिटून बसली. तेव्हापासून मी बाहुली म्हणणं सोडलं.

कंपनीचं म्हणणं असं, की लोकांच्या मनात शिकारीचं चित्र वाईट झालंय, ते आपण सुधारू. त्यासाठी ग्रेडीच्या खिशात एक यादी होती. रक्त दिसता कामा नये. जनावराची जीभ आत ढकलायची, नाक पुसायचं, डोळ्यांत बघायचं नाही. केलिननं स्वतःच्या बाहीनं मूसचं नाक पुसलं. मग फोटो झाले. आणि आम्ही सुरे काढले तसा ग्रेडीनं कॅमेरा बंद केला.

"हे पण घे की," मी म्हटलं. "खरं काम तर आता आहे."

"बाई, रक्त दिसलं की लोक दुसरं काहीतरी बघायला जातात."

झालं. एवढ्या मोठ्या नराचं मांस म्हणजे दलदलीतून दीड मैल आठ खेपा. त्यातली एकही कॅमेऱ्यात आली नाही. केलिननं स्वतः दोन खेपा केल्या. ऐंशी पौंडांचं ओझं, गुडघाभर चिखल, खांदे सोलवटलेले, तोंड लाल झालेलं. असं तोंड कंपनीला नको होतं. माझ्या हातात असतं तर मी तेच दाखवलं असतं.

पाच खेपा झाल्या होत्या. तीन उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग फाटले आणि पलीकडच्या डोंगराच्या धारेवर असं काही ऊन पडलं, की ग्रेडी लहान पोरासारखा नाचायला लागला. वेंडेलच्या पाठीवर शिंगं, मागं आकाश. एवढंच त्याला हवं होतं.

"केलिनच्या पाठीवर दे," वेंडेल म्हणाला.

"तिचे तसे शंभर आहेत. म्हातारा वाटाड्या हवाय. कंपनीनं सांगितलंय."

तेव्हा केलिन वेंडेलजवळ गेली. हळू बोलली, पण मला ऐकू आलं. "हे नाही मिळालं, तर पुढच्या वर्षी ते दुसरी घेणार आहेत. बघून ठेवलीय त्यांनी. एकोणीस वर्षांची आहे. बंदूक उलटी धरते." मग परत तेच, "फक्त दोनशे पावलं, वेंडेल."

वेंडेलनं तिच्या सोललेल्या खांद्याकडे पाहिलं. मग उन्हाकडे पाहिलं.

"एकदाच," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं होतं. पण मीही बोलले नाही, हे इथं सांगून टाकते.

शिंगं पाच फुटांहून रुंद होती. ती पाठीवर घेऊन तो धारेवरून चालत गेला. डावा खांदा जरा पडलेला, जुन्या लोकरी जाकिटाला कोपरावर ठिगळ. खोटं कशाला बोलू, इतकं सुंदर दिसत होतं की मला भरून आलं. दोनशे पावलांनी त्यानं शिंगं खाली ठेवली, परत आला आणि उरलेल्या मांसाला लागला. संध्याकाळपर्यंत तिन्ही खेपा झाल्या. सगळ्यात शेवटी त्यानं शिंगं आणली, आणि शिंगं कापून घेतलेलं डोकं. ते नेहमीप्रमाणे लेना आजीसाठी.

लेना निकोलाय चौऱ्याऐंशी वर्षांची. गावातली सर्वांत जुनी, म्हणून सगळ्यांचीच आजी. मूसच्या नाकाचं सूप तिच्यासारखं कोणी करत नाही. वेंडेल दरवर्षी डोकं तिच्या दारात ठेवतो आणि ती दरवर्षी म्हणते, "गेल्या वर्षीचं मोठं होतं." त्या वर्षीही तेच म्हणाली.

ऑक्टोबरात फिल्म फोनवर आली. तीन मिनिटांची. केलिन नेम धरतेय, केलिन डोळे मिटून बसलीय, आणि मग धारेवरचा वेंडेल. पहिल्या दिवशी तीन लाख लोकांनी पाहिली. ज्यांना शिकारच नको असते त्यांनी शिव्या घातल्या. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही, ते आमच्या रोजच्यातलंच आहे.

दुसऱ्या दिवशी आपलेच लोक बोलायला लागले. शिकारी लोक. कोणीतरी चित्र थांबवून मोठं करून दाखवलं. वेंडेल शिंगं घेऊन निघालाय, आणि मागं झाडाखाली तीन फरे पांढऱ्या पिशव्यांत तसेच पडलेत. 'शिंगं आधी? मांस कुणाच्या बापासाठी ठेवलं?' 'अशा लोकांमुळे आपण बदनाम होतो.' फेअरबँक्सचा एक जण, ज्याला वेंडेलनं एकदा बर्फातून खांद्यावर घालून आणलं होतं, त्यानं लिहिलं, 'याला मी ओळखायचो.' वेंडेलला दुसरं काही लागलं नाही, ते एक वाक्य लागलं. त्यानं फोन माझ्या काउंटरवर पालथा ठेवला आणि सुऱ्यांना धार लावत बसला. धार आधीच होती.

चौथ्या दिवशी कंपनीनं फिल्म काढून टाकली आणि निवेदन दिलं. 'आमच्या मूल्यांशी विसंगत वर्तन करणाऱ्या स्थानिक वाटाड्याशी आमचा कोणताही संबंध नाही.'

"मूल्यं!" मी म्हटलं. "एक मोजा तरी दिला होता का यांनी तुला?"

"टोपी दिली होती," वेंडेल म्हणाला.

त्याच दुपारी दुकानात केलिनचा फोन आला. रडत होती. "डोरीन, मी सांगू शकत नाही. करारात आहे, परवानगीशिवाय एक शब्द बोलायचा नाही. वकिलाचं पत्र आलंय. तू त्याला सांग ना, की मला..."

"तोच इथं बसलाय. त्यालाच सांग," मी म्हटलं आणि फोन त्याच्या हातात कोंबला. माझा जीव जळत होता.

वेंडेलनं तिचं सगळं ऐकून घेतलं. "खांदा कसा आहे?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, "अस्वलाची चरबी लाव. ते दुकानातलं मलम काही कामाचं नाही." आणि फोन ठेवला.

"अरे माणसा," मी म्हटलं, "ती तुझ्या मानेवर पाय देऊन उभी आहे आणि तू चरबी कसली सांगतोस!"

"तिनं दोन खेपा केल्या, डोरीन. तक्रार न करता."

"बरं, मग माझं ऐक. टोबिन आला तर सांग, शेवटची खेप होती म्हणून. सगळं मांस माझ्या दुकानात आलं, मी स्वतः कापलं, मी साक्ष देते. झाडाखालच्या पिशव्यांत कातडं होतं म्हणू. कोण उघडून बघणार आहे?"

तो उत्तरादाखल भिंतीवरच्या फोनकडे गेला आणि टोबिनला त्यानं स्वतःच बोलावलं.

टोबिन आला तेव्हा त्यालाच जास्त लाज वाटत होती. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. मागोमाग लेना आजी काठी टेकत आली. गावात काहीच लपत नाही.

"वेंडेल, मला माहितेय मांस सगळं आलं," टोबिन म्हणाला. "फक्त एवढं सांग, की ती शेवटची खेप होती. मी लिहून घेतो आणि जातो."

"नव्हती. तीन उरल्या होत्या."

"अरे, दोनशे पावलं तर गेला होतास!"

"वर्गात तुला काय शिकवलं होतं? किती पावलांपर्यंत चालतं?"

टोबिन खाली बघायला लागला. "चालत नाही," तो म्हणाला.

"त्यानं आणलेलं डोकं मी खाल्लंय," लेना आजी मधेच कडाडली. "तीन दिवस खाल्लं. त्या फोनमधल्या लोकांनी काय खाल्लं ते विचार आधी!"

"आजी, मला कायद्यानं..." टोबिननं वही काढली. "शिंगं उचलायला कुणी सांगितलं, वेंडेल? त्यांनी सांगितलं असेल तर त्यांचंही नाव येईल. तुझं हलकं होईल."

मी वेंडेलकडे पाहिलं. बोल, मनात म्हटलं, एकदा तरी स्वतःपुरतं बोल.

"पाय माझे होते," वेंडेल म्हणाला.

दंड झाला. वाटाड्याचा परवाना गेला. आधी एका वर्षासाठी म्हणाले, पण पासष्टाव्या वर्षी काढून घेतलेला परवाना परत कोण आणायला जातो? शाळेनं पत्र पाठवलं, फार गोड लिहिलेलं, की यंदाचा वर्ग टोबिन घेईल. मार्चच्या त्या पहिल्या संध्याकाळी वेंडेल माझ्या दुकानात येऊन बसला. हॉलचे दिवे खिडकीतून दिसत होते. "फळ्यावर लिहिलं असेल का त्यानं?" त्यानं विचारलं. "लिहिलं असेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

केलिनचा करार कंपनीनं तरीही वाढवला नाही. एकोणीस वर्षांचीच आली. ख्रिसमसला केलिनचं एक पार्सल आलं होतं. आत पत्र नव्हतं. हातानं विणलेले, ओबडधोबड, एक लहान एक मोठा असे मोजे होते. वेंडेल ते घालतो.

पुढच्या ऑगस्टमध्ये माझा गुडघा दाखवायला आम्ही अँकरेजला गेलो. येताना वेंडेल म्हणाला, मांसाच्या पिशव्या संपल्यात. म्हणून शिकारीच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात शिरलो. आत शिरताच मी थांबले.

समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, धार होती. आकाश होतं. शिंगं घेऊन पाठमोरा चालणारा माणूस होता. वर रिजबोनचं नाव आणि खाली लिहिलेलं: 'परंपरा, अभिमानानं पेललेली.' झाडाखालच्या पिशव्या कोणीतरी पुसून टाकल्या होत्या. ठिगळाचं जाकीटही पुसलं होतं आणि कंपनीचं नवं कोरं अंगावर चढवलं होतं. पडलेला डावा खांदा तेवढा राहिला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काउंटरकडे निघाले होते, पण वेंडेलनं माझी बाही धरली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक जवळ आलं. बाहेरगावचा माणूस, कपड्यांच्या घड्यासुद्धा न मोडलेल्या. "साहेब, माझा एक फोटो काढता? याच्याबरोबर?" त्यानं वेंडेलच्या हातात फोन दिला आणि चित्राखाली जाऊन उभा राहिला. "याला म्हणतात खरा शिकारी!"

वेंडेल चित्राकडे बघत राहिला. "याचं मांस मागं राहिलंय," तो म्हणाला.

"काय?"

"तीन खेपा. त्या तिथं झाडाखाली होत्या."

माणसानं वळून पाहिलं. झाडाखाली काही नव्हतं. "शेवटची खेप असेल ही," तो म्हणाला.

"नव्हती. यानं चूक केली." वेंडेल अगदी वर्गातल्या आवाजात बोलत होता, सावकाश, मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. तो आवाज मी दीड वर्षात ऐकला नव्हता. "तुम्हाला मूस मिळाला तर आधी सगळं मांस न्या. शिंगं शेवटी. कुणी काहीही म्हणो."

"बरं... हो," तो माणूस म्हणाला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "साधारण किती खेपा होतात?"

"आठ."

"आठ!"

"जरा उजवीकडे सरका," वेंडेल म्हणाला. "हां. आता हसा."

त्यानं नीट दोन फोटो काढले, बरे आलेत ना ते त्या माणसाला दाखवलं, आणि मग आम्ही काउंटरवर गेलो. वेंडेलनं पिशव्या मागितल्या.

"परवाच नवा माल आलाय," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "एका जुडीत चार येतात."

"मग दोन जुड्या द्या," वेंडेल म्हणाला.

मागं वळून पाहिलं, तर तो बाहेरगावचा माणूसही पिशव्यांच्या फळीपुढं उभा होता आणि बोटांवर मोजत होता.