रात्रगल्ली

"हलू नका. चावा धरा. अस्सं. आता मला सांगा मामा, आपल्या गल्लीत रोज रात्री उशिरापर्यंत ढोल बडवलेले चालतील का तुम्हाला?"

शिंपीमामांच्या तोंडात मेणाचा जाड तुकडा होता. "अंऽऽ," ते म्हणाले.

"नाही ना? मला ठाऊकच होतं. जरा घट्ट चावा."

"अंऽ! अं अं!" मामांनी दोन्ही हात हवेत उडवले.

"कळलं हो, कळलं. तुमचा तर माझ्यापेक्षा कडक विरोध दिसतोय," असं म्हणत बत्तिशीकाकांनी अलगद मेण काढून घेतलं, त्यावरचा चावा उजेडात धरून पाहिला आणि मामांना तोंड पुसायला टॉवेल दिला. मामांनी काही बोलायला तोंड उघडलं, तोवर काका पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून त्याचा जबडा दाबून बघत होते.

बत्तिशीकाका कवळ्या बनवत. शहराच्या अगदी मध्यावर, बाजारगल्लीत, खाली दुकान आणि वर दोन खोल्या असा त्यांचा संसार होता. त्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं होतं. माणूस सज्जन, कामात चोख, निर्व्यसनी. संध्याकाळी सातला शटर ओढायचे, नऊला आडवे व्हायचे. फक्त एक खोड होती. समोरचा गप्प राहिला की काका त्याचा होकार गृहीत धरत. आता कवळीवाल्यासमोर बसलेला माणूस गप्प नाही राहणार तर काय करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण वर्षानुवर्षं तोंडात मेण असलेल्या माणसांशी गप्पा मारून काकांना अशी सवय लागली होती, की जगात आपल्याशी कुणाचाच मतभेद नाही असं त्यांना मनापासून वाटे.

आणि अशा सुखी माणसाच्या गल्लीवर पालिकेची नजर पडली. पालिकेचं म्हणणं असं, की बाहेरगावचे पाहुणे शहरात येतात, घड्याळाचा मनोरा बघतात, फोटो काढतात आणि पाचची बस धरून चालते होतात. त्यांना रात्री थांबवायचं तर काहीतरी करमणूक हवी. म्हणून गाणीबजावणी, खाणंपिणं, दिवे, काय असेल ते सगळं एकाच ठिकाणी आणायचं. योजनेचं नाव रात्रगल्ली. आणि ती गल्ली म्हणजे हीच, बाजारगल्ली.

काकांचा तिळपापड झाला. "सगळा धांगडधिंगा एका गल्लीत कोंबायचा, म्हणजे बाकीचं शहर सुखानं झोपणार! आणि आम्ही काय उशाशी बँड घेऊन झोपायचं?" असं ते येणाऱ्या प्रत्येकाला विचारत. येणाऱ्याच्या तोंडात मेण असे.

घरी त्यांनी काकूंनाही सांगून टाकलं होतं. जेवताना, पान पुढे ओढता ओढता. "हे बघ, ती योजना झाली तर आपण इथं राहायचं नाही. दुकान-घर काढून टाकायचं आणि धाकट्या भावाकडे जायचं. गावाबाहेर किती निवांत आहे त्याचं घर! मी त्याला तसं कळवलंय. त्यानं मागची खोली रंगवायला घेतली."

काकूंचा हात जेवताना थांबला होता. पण त्या काही बोलल्या नाहीत. मग काय, विषय मिटलाच!

सुनावणी पालिकेच्या सभागृहात दुपारी ठेवली होती. समोर टेबलामागे नियोजनाच्या अधिकारी बाई होत्या. त्यांच्या शेजारी एक पाण्याचा तांब्या होता आणि एक माईक, जो हात लावला की किंचाळत होता. काका पहिल्या रांगेत बसले. काकू बायकांच्या घोळक्यात मागे कुठंतरी बसल्या. बोलायचा पहिला मान अर्थातच काकांचा.

"मॅडम," काका म्हणाले, "मी ह्या गल्लीत जन्मलो. दिवसा आम्ही पाहुण्यांचं स्वागतच करतो. पण रात्र ही झोपण्यासाठी असते, हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. दारू पिऊन माणसं आमच्या पायऱ्यांवर बसणार, नको ते करणार, आणि सकाळी झाडू कुणी मारायचा? अख्खी गल्ली ह्याच मताची आहे. मी एकेकाला विचारलंय. आमच्या घरातही आम्ही दोघं एकमतानं विरोधात आहोत."

टाळ्या झाल्या, पण जरा विरळच. अधिकारी बाईंनी विचारलं, "गल्लीतलं आणखी कुणी?"

शिंपीमामा उठले. त्यांची नवी कवळी त्याच आठवड्यात बसली होती. ती सभागृहाच्या ट्यूबलाइटखाली अशी चमकली की काकांना क्षणभर अभिमानच वाटला.

"मी योजनेच्या बाजूनं आहे," मामा म्हणाले.

"अहो मामा!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "तुम्ही तर मला म्हणालात..."

"मी काय म्हणालो? माझ्या तोंडात तुम्ही वीटभर मेण कोंबलं होतंत! मी हात उडवून नाही नाही म्हणत होतो, तुम्ही म्हणालात कडक विरोध!"

सभागृहात हशा पिकला. मग एकेक जण उठायला लागला. चष्मेवाला म्हणाला, की आपल्या शहरात रात्र होते हे पाहुण्यांना माहीतच नाही, त्यांना वाटतं पाच वाजता आपल्याला गुंडाळून ठेवतात. कुलूपवाला म्हणाला, सगळं एका जागी असलं तर लक्ष ठेवायला बरं, नाहीतर दहा गल्ल्यांत दहा गुत्ते होतील आणि कुणाचा कुणाला पत्ता लागणार नाही. पुस्तकं बांधणारे आजोबा मात्र विरोधात निघाले. पाहुण्यांनी यावं, पण आपल्या जिन्याखाली शिरू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचे दात स्वतःचे होते. कवळी लावणारे झाडून सगळे पलीकडच्या बाजूला.

"वा रे वा!" काका कळवळून म्हणाले. "मीच दिलेल्या दातांनी मलाच चावता?"

आता मात्र हसण्याचा कल्लोळच उडाला. अधिकारी बाईसुद्धा फायलीआड तोंड लपवून हसल्या. एवढ्यात मागून आवाज आला, "मला बोलायचंय."

काकांनी मान वळवली नाही. आवाज ओळखीचा वाटला, पण भरसभेत तो आवाज यायचं काही कारणच नव्हतं.

"आपण कोण?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मी ह्यांची बायको."

पुन्हा हशा. काकू माईकपाशी आल्या. माईक किंचाळला तशा दोन पावलं मागे सरकल्या आणि तिथूनच बोलायला लागल्या.

"मला त्या योजनेतलं फारसं कळत नाही. पाहुण्यांसाठी गल्ली हवी की नको, ते तुम्ही शिकलेली माणसं ठरवा. मला ती माझ्यासाठी हवीय. सातला आमच्याकडे शटरं पडतात. नऊला हे झोपतात. लेक होती तोवर बोलायला कुणी होतं. ती सासरी गेल्यापासून मी खिडकीत बसते. समोर बँक आहे. तिच्या पाटीचा दिवा रात्रभर चालू असतो. तो बघते."

कुणीतरी खुसखुसलं आणि लगेच गप्प झालं.

"हे म्हणतात गोंगाट होईल. होऊ दे की एकदाचा! मला त्या शांततेचा वीट आलाय हो. खाली चार माणसं बसली, हसली, भांडली, तर मला काय तोटा आहे? आणि आमचं एकमत आहे असं हे आत्ता म्हणाले. ह्यांचं एकमत आहे. माझं मला कुणी विचारलेलं नाही. भावजींनी खोली रंगवली असेल तर छानच, पण मी तिकडे जाणार नाही. तिथं खिडकीतून बँकसुद्धा दिसत नाही."

एवढं बोलून त्या जागेवर जाऊन बसल्या आणि पदरानं घाम पुसत राहिल्या. काकांची दातखीळ बसली होती. आयुष्यभर इतरांचे जबडे उघडत आलेल्या काकांना स्वतःचा कसा उघडावा हे सुचेना.

शेवटी असं ठरलं, की महिनाभर फक्त शनिवारी, रात्री दहापर्यंत, रात्रगल्ली चालवून बघायची. मग पुढचं पुढे.

परतताना काका चार पावलं पुढे चालत होते. कोपऱ्यावर थांबले. "मला आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारलं नाही कसं? जेवताना मी म्हणालो होतो की, आपण धाकट्याकडे जाऊ."

"ते विचारणं नव्हतं. ते सांगणं होतं."

"मग तेव्हाच नाही म्हणायचंस!"

"अहो, तुम्ही लगेच भाजी वाढ म्हणालात," काकू म्हणाल्या, आणि काकांना ओलांडून पुढे गेल्या.

काकांनी अबोला धरला. चांगला कडकडीत. काकूंच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. "तुम्ही माझ्याशी बोलत नाही आहात का?" त्यांनी साधेपणानं विचारलं. काकांना उत्तर देणं भाग पडलं, आणि अबोला तिथंच मोडला. पण मनातली भीती काही मोडेना. धाकट्याला शब्द दिलाय. आपण गेलो आणि ही खरंच आली नाही तर? इतकी वर्षं आपण बोलतोय आणि ही ऐकतेय, असंच त्यांनी धरलं होतं. ऐकता ऐकता ही दुसरंच काहीतरी ठरवत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या तोंडात त्यांनी मेण घातलं, सवयीनं एक प्रश्न विचारला, आणि मग मेण बाहेर काढून म्हणाले, "हं, आता बोला." गिऱ्हाईक बिचारं गांगरून गेलं. त्याला काही मतच नव्हतं.

शनिवार उजाडला. संध्याकाळी पालिकेच्या माणसांनी गल्लीत खुर्च्या-टेबलं मांडली, वायरी ओढल्या, कोपऱ्यावर एक वाजंत्री पथक उभं केलं. काकूंनी कपाटातले ठेवणीतले कपडे काढले.

"मी खाली बसते जरा," त्या म्हणाल्या. "येता?"

"मी झोपणार आहे," काका म्हणाले आणि दोन्ही कानांत कापूस खुपसून भिंतीकडे तोंड करून पडले.

झोप कसली येतेय! वाजंत्री एका परीनं सोसवत होती. पण खालून मधूनच हसण्याचा आवाज यायचा, आणि ह्यातलं तिचं हसू कुठलं हे काही केल्या ओळखता येईना. काकांनी एका कानातला कापूस काढला. मग दुसऱ्यातला. तरी ओळखता येईना. आयुष्य जिच्याबरोबर काढलं तिचं हसू आपल्याला पाठ नाही, ह्या विचारानं ते उठूनच बसले. शेवटी तक्रार करायला म्हणून शर्ट घालून खाली उतरले.

काकू त्यांच्याच दुकानाच्या पुढ्यात एका टेबलाशी बसल्या होत्या. बरोबर बाहेरगावचं एक वयस्कर जोडपं होतं. काकू त्यांना गल्लीच्या गोष्टी सांगत होत्या. कुलूपवाला स्वतःच्याच दुकानात कुलूपबंद झाला तेव्हा त्याला कसं काढलं, मनोऱ्याचं घड्याळ बंद पडलं तेव्हा सगळं गाव जेवायला उशिरा कसं बसलं. हात हलवून, आवाज बदलून सांगत होत्या. पाहुण्यांची हसता हसता पुरेवाट झाली. पाहुण्याची वरची कवळी हसताना खाली घसरत होती. काकांची नजर तिथं खिळली, ते वाकून बघायला लागले, तेवढ्यात टेबलाखालून काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"हे माझे मिस्टर," काकू म्हणाल्या. "बसा हो."

काका बसले. तक्रार करायची राहूनच गेली.

"भाग्यवान आहात," पाहुणे काकांना म्हणाले. "घरी रोज ह्या गप्पा ऐकायला मिळत असतील!"

काका "हो" म्हणाले. पण ते खोटं होतं. त्यांनी यातली एकही गोष्ट ऐकली नव्हती. बायको इतकं छान बोलते हे त्यांना आज परक्या माणसाकडून कळत होतं, आणि तेही ती त्याच्याशी बोलत असताना.

दहा वाजले तसं वाजंत्री थांबली. पाहुणे निरोप घेऊन उठले. दिवे एकेक करून मालवायला लागले. काका आणि काकू समोरासमोर राहिले. काकांनी दोनदा घसा खाकरला. टेबलावरचा पेला उगाच इकडचा तिकडे केला.

"मी विचारतोय हं," ते म्हणाले. "सांगत नाहीये. तुला कुठं राहायचंय?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांना वाटलं, 'इथंच' म्हणून फटकन उत्तर येणार. सभागृहात कशी बोलली होती! पण काकूंचे डोळे भरून आले.

"हे असं अचानक विचारल्यावर कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाकडे नको, एवढं ठरवलं होतं. त्याच्या पुढचं कधी डोक्यातच आलं नाही. नको काय ते मला माहीत होतं. हवं काय ते कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. इथंच राहायचं? की लेकीजवळ कुठंतरी? की..." त्यांनी डोळे पुसले आणि त्यांना हसू आलं. "थांबा हं जरा. विचार करू दे."

"कर. कर की," काका म्हणाले आणि पहिल्यांदाच आपलं तोंड मिटून बसले. ते फार अवघड होतं.

गल्ली रिकामी झाली. पालिकेचा माणूस खुर्च्या एकात एक घालत शेवटच्या टेबलापाशी आला. "चला काका, उठा आता. वेळ संपली, सामान भरायचंय."

काकांनी हात वर केला.

"दोन मिनिटं थांबा, भाऊ," ते हळू आवाजात म्हणाले. "ह्या विचार करतायत."