मोहाच्या झाडाखालची जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा तुमचे आजोबा शाळेत जात असतील. साध्या गाड्यांची दोनच चाके जोर लावतात. माझ्या गिअरजवळ एक छोटा दांडा आहे. तो ओढला की माझी चारही चाके जोर लावतात. म्हणून चिखलाची आणि नाल्याची मला कधी भीती वाटली नाही. पहिली बावीस वर्षे मी जंगलखात्यात काढली. मग लिलावात मला नत्थूने घेतले. आसगावच्या पलीकडे वीस घरांची एक टोली आहे. तिथे तो धानाची शेती करतो.

टोली आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये नाला आहे. नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा बिनकठड्याचा पूल आहे. वरचा तलाव भरून वाहू लागला की रपट्यावरून पाणी जाते आणि टोली तुटते. त्या दिवसांत माझ्याशिवाय कोणाचे पान हलत नसे. मी धानाची पोती नेली, आजारी माणसे नेली, नवऱ्या सासरी पोहोचवल्या. लोक म्हणत, "नत्थूची जीप हाय तोवर भेव नाही." हे ऐकून माझे इंजिन दोन घरे पुढे ऐकू जाई.

मग एका उन्हाळ्यात माझ्या ब्रेकचा पंप गेला. आठ दिवसांचे काम होते. नत्थूने मला ढकलत परसातल्या मोहाच्या झाडाखाली नेले. त्याच महिन्यात त्याने मोटारसायकल घेतली. ते आठ दिवस अठरा वर्षे चालले.

अठरा वर्षांत माझा रंग गेला, मग पत्रा गेला. सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. माझी आठवण फक्त एका माणसाला होती. ती नत्थूची बायको, ललिताबाई. चैत्रात ती माझ्या बॉनेटवर मोहफुले वाळत घाली. दसऱ्याला मोटारसायकलला हार घातला की मलाही झेंडूचा हार घाली, हळदकुंकू लावी. नत्थू हसत असे.

"मेलेल्या गाडीले हार कायले घालतं?"

"मेली कोण म्हनते? तुमीच उठवत नाही तिले. पावसाळ्यात टोली अडकून पडते जी. करा ना दुरुस्त."

"रोवणी होऊ दे, मंग पाहू."

धानाची रोपे रोवून झाली की तो म्हणे, धान कापून होऊ दे. धान घरात आले की म्हणे, मंडई होऊ दे. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, तीही होई. 'मंग पाहू' हे त्याचे शब्द मला पाठ झाले होते. मी गंजत होते आणि मनात त्याच्याविषयी एकेक गोष्ट जमा करत होते.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात ललिताबाई धानाच्या बांधीत रोवणी करत होती. तिथे तिला साप चावला. रपट्यावरून गुडघाभर पाणी जात होते. दवाखान्याची गाडी पलीकडेच थांबली. नत्थू केशवरावाच्या दारात धावत गेला. केशवराव म्हणजे त्याचा लहानपणचा सोबती, तलावात दोघे बरोबर पोहायला शिकलेले. केशवरावाकडे नवी पांढरी उंच गाडी होती. सीटवरचे प्लास्टिकसुद्धा अजून काढलेले नव्हते. माझे परस त्याच्या दाराला लागून आहे, म्हणून मी सगळे ऐकले.

"केशव, गाडी काढ. ललितेले साप चावला."

"नवी गाडी हाय नत्थू. इंजिनात पाणी गेलं तं कामातून जाईल. पाणी उतरू दे, मंग पाहू."

नत्थू त्याच्या पाया पडला. केशवरावाने खिशातून चावी काढली नाही. शेवटी चार माणसांनी ललिताबाईला खाटेवर घातले आणि दोर धरून नाला ओलांडला. त्यात फार वेळ गेला. ती पवनीच्या दवाखान्यात जिवंत पोहोचली नाही.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूने माझ्यावरच्या कोंबड्या हाकलल्या आणि बॉनेट उघडले. हात टेकून तो मला म्हणाला, "तुले उभी करतो. एक दिवस केशवले गरज पडंल. त्या दिवशी तुले चालू करून त्याच्यासमोर उभी ठेवीन, आन् नेणार नाही. पाहू दे त्याले."

मित्रांनो, मला आनंद झाला. सूड मलाही हवा होता. फक्त माझा सूड केशवरावावर नव्हता.

नत्थू शाळा फारशी शिकला नव्हता, पण नटबोल्टांचे पाने चालवायला शिकला होता. त्याने मला उघडून एकेक भाग पोत्यावर मांडला. गंजून बसलेल्या नटांवर तो राकेल टाकी, दुसऱ्या दिवशी तापवी, तिसऱ्या दिवशी पाना लावी. माझे पिस्टन जाम झाले होते. त्यांत त्याने पंधरा दिवस तेल भरून ठेवले. पायाखालचा पत्रा चाळणीसारखा झाला होता. तो कापून त्याने धानाच्या जुन्या कोठीचा पत्रा वेल्डिंगने जोडला. ब्रेकचा पंप त्याने नागपूरहून आणला. तो बसवायला त्याला एक दुपार लागली. काम झाल्यावर तो पाना हातात धरून किती तरी वेळ जमिनीवर बसून राहिला.

एकदा हवेच्या गाळणीत त्याला उंदराचे घरटे सापडले. त्यात धानाचा कोंडा होता आणि ललिताबाईच्या हिरव्या लुगड्याची चिंधी होती. त्या दिवशी त्याने पुढे काम केले नाही. चिंधी धुऊन खिशात ठेवली.

पण तोंडाने तो शिव्या केशवरावालाच देई. प्रत्येक नट पिळताना, "केशव, थांब तू." स्वतःचे नाव तो एकदाही घेत नव्हता. हे मला सहन होईना. मला सुरू करायला पुढून हँडल घालून फिरवावे लागते. ते धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो, नाहीतर हँडल उलटे फिरून अंगठा मोडते. हे नत्थूला चांगले माहीत होते. पण एक दिवस रागात त्याने हँडलभोवती मूठ आवळली. मी उलटा झटका दिला. अंगठ्याचे हाड मोडले.

शेजारची मंदाबाई कुंपणावरून पाहत होती. "अगा नत्थूभाऊ, घरची गाडीच मारून रायली का तुले?"

"मारते तं मारू दे."

"तिचं बी काही देणंघेणं असंल बापा तुझ्याशी." मंदाबाई सहज बोलून गेली. नत्थूने अंगठ्याला फडके गुंडाळले.

दीड वर्षाने मी उभी राहिले. टोलीतली माणसे पाहायला आली, फाटकाबाहेरून केशवरावही पाहून गेला. मग नत्थू वाट पाहू लागला. पावसाळ्यात तो रोज सकाळी मला सुरू करी आणि रस्त्याकडे पाहत बसे.

गेल्या श्रावणात तो दिवस आला. केशवरावाची बायको गोदावरीबाई हिला सकाळपासून श्वास घेता येईना. केशवरावाने पांढरी गाडी काढली. रपट्याच्या अलीकडे ती पोटापर्यंत चिखलात बसली आणि बंद पडली. ही बातमी कळताच नत्थूने माझे हँडल फिरवले. तो मला घेऊन नाल्यावर आला, काठावर उभी केली आणि इंजिन चालू ठेवून उतरला. पाणी गुडघ्याच्या खाली होते. सगळी टोली पाहत होती.

केशवराव चिखल तुडवत आला. "नत्थू, तिचा जीव कोंडून रायला. पोचवून दे भाऊ."

"पाणी उतरू दे," नत्थू म्हणाला, "मंग पाहू."

हे वाक्य त्याने दोन वर्षे माझ्या बॉनेटखाली डोके घालून घोकले होते. केशवराव चिखलात गुडघ्यांवर बसला.

"तुझ्या पाया पडतो."

"मी बी पडलो होतो. तू चावी काढली का?"

पांढऱ्या गाडीचे दार उघडे होते. आतून गोदावरीबाई थांबत थांबत बोलली. "राहू द्या जी... हा बोल मले ओळखीचा हाय. रोवणी करता करता ललिता सांगे... आमचे हे बी असेच म्हनते... मंग पाहू, मंग पाहू... आन् जीप तशीच पडली हाय."

ती टोमणा मारत नव्हती. तेवढा श्वासच तिच्यात नव्हता.

नत्थूने केशवरावाकडे पाहिले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. मी एका लयीत चालत होते, एकदाही अडखळले नाही. ब्रेकचा एक पंप आणि एक दुपार. तेवढे झाले असते तर त्या दिवशीही मी अशीच इथे उभी असते. हे त्याला आता माझ्या आवाजातून ऐकू येत होते.

त्याने आणि मंदाबाईने गोदावरीबाईला उचलून माझ्या मागच्या सीटवर ठेवले. केशवरावाने पायरीवर पाय टेकला.

"तू नाही," नत्थू म्हणाला.

"अरे, माझी बायको हाय ते!"

"मले बी होती. तू इथंच उभा राय. पाणी उतरू दे."

त्याने छोटा दांडा ओढला. माझी चारही चाके लागली आणि मी पाण्यात उतरले. गोदावरीबाई वाचली. केशवराव त्या काठावर संध्याकाळपर्यंत उभा होता. बायको जिवंत आहे की नाही, हे त्याला तोवर कळले नाही. नत्थूला त्याची दया आली नाही. मलाही आली नाही.

दसऱ्याला केशवराव माझ्यासाठी मोठा हार घेऊन आला. नत्थूने तो फाटकाच्या आत येऊ दिला नाही. त्याने घरचाच झेंडू ओवून मला घातला. ती हिरवी चिंधी आता छोट्या दांड्याला बांधलेली आहे.

मित्रांनो, तुमच्या परसातही काही तरी पडलेले असेल. एखादी होडी, एखादा कंदील, विहिरीचा दोर. त्याची लहानशी दुरुस्ती राहिली असेल, आणि घरातले कोणी तरी तुम्हाला दरवर्षी तेच सांगत असेल. त्या माणसाचे ऐका आणि त्याच दिवशी पाना हातात घ्या.

माझ्या सुडाचे म्हणाल तर तो रोज सकाळी चालू असतो. नत्थू अंगठा नीट ठेवून हँडल धरतो. मी त्याला पुन्हा कधी मारले नाही, खोकले नाही, वाट पाहायला लावली नाही. मी पहिल्याच झटक्यात सुरू होते, आणि ते त्याला रोज ऐकावे लागते.