पंचावन्न इंचांचा पन्हा

नळदुर्गच्या बसस्थानकासमोर बत्तीस वर्षे शिलाईयंत्र चालविणारा मी, खाजाभाई, गेल्या रविवारी पत्नी रजियाबी हिच्यासमवेत मोठा टीव्ही निवडण्यास निघालो, तेव्हा माझे अंतःकरण नवरदेवाच्या घोड्याप्रमाणे नाचत होते.

रजियाबीला क्रिकेटचे अतोनात वेड. परंतु मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही आमच्या जुन्या लहानशा संचावर तिला चेंडू काही दिसत नसे. फलंदाजाचे हातवारे पाहून ती टाळ्या वाजवी, आणि पुष्कळदा तो त्रिफळाचीत झालेला असे. या नामुष्कीतून तिची मुक्तता करण्याची प्रतिज्ञा मी केली होती. पूर्वतयारी म्हणून भिंतीचे मापही घेतले होते. लोखंडी कपाट आणि दाराची चौकट यांच्यामध्ये नेमकी पन्नास इंच जागा होती.

दुकानदार बंडप्पा यांनी सर्व पडद्यांवर रंगीबेरंगी मासे पोहत ठेवले होते.

"मासं नको भाऊ, मॅच लावा," रजियाबी म्हणाली.

त्यांनी महिला संघाचा जुना सामना लावला. त्रेचाळीस इंची पडद्यापासून रजियाबी आठ पावले मोजून उभी राहिली, कारण आमची खोली तेवढीच.

"दिसला का बॉल?" मी विचारले.

"बाई पळताना दिसली. बॉल न्हाय."

मग ती पंचावन्न इंचीसमोर गेली. गोलंदाज धावत आली, आणि रजियाबीची मान सावकाश डावीकडून उजवीकडे वळत थेट सीमारेषेपर्यंत पोहोचली.

"चौका," ती हळूच म्हणाली. "ह्योच घ्या."

माझ्या डोळ्यांपुढे घरची पन्नास इंची जागा उभी राहिली. कापडाचा पन्हा, म्हणजे आडवी रुंदी, चौपन्न इंच सांगितला की चौपन्नच भरतो, हे ज्ञान मला आयुष्याने दिलेले आहे.

"बसणार न्हाय. पाच इंच जास्तीचा हाय."

"मग कपाट हलवा."

"खिडकी झाकती."

"मग चौकट तासा."

मी अत्यंत गंभीरपणे दुकानदारांकडे वळलो. "बंडप्पा, ह्यो उभा लावता येतो का?"

"येतो की. पण मग भाभीला आडवं पडून मॅच बघावी लागंल."

"बघीन," रजियाबी म्हणाली.

तिचा तो निर्धार पाहून मला गहिवरून आले. काठाची पट्टी काढून काही इंच कमी करता येतील काय, हे पाहण्यासाठी मी गळ्यातील टेप काढली व पडद्याची रुंदी मोजली. अठ्ठेचाळीस इंच आणि तीन सूत. पुन्हा मोजली. तेवढीच.

"बंडप्पा, बत्तीस वर्षांची ओळख आपली, आन् पंचावन्न सांगून अठ्ठेचाळीस देता?"

"अवो खाजाभाई, टीव्ही तिरका मोजत्यात. ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत."

"उरेब?" तिरक्या कापणीस आम्ही शिंपी उरेब म्हणतो.

"व्हय, उरेब."

"गिऱ्हाइकाची छाती म्या अशी खांद्यापासनं कमरेपर्यंत मोजली, तर नळदुर्गात मला कुणी उभं करील का?"

"भांडण उद्या करा," रजियाबी म्हणाली. "बसतोय का न्हाय, तेवढं सांगा."

मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि माझ्या सर्वांगावर रोमांच उभे राहिले. "बसतोय. दोन्हीकडं पाऊण-पाऊण इंच शिलाईला सोडून बसतोय."

ॲपे रिक्षात ते प्रचंड खोके दोघांनी दोन बाजूंनी कवटाळले. महामार्गावरील ट्रकवाले आमच्याकडे पाहत होते, आणि त्यांनी पाहावे अशीच माझी मनोमन इच्छा होती.

सायंकाळी पडदा भिंतीवर विराजमान झाला. सामना सुरू होता. यष्टिरक्षकाने झेल घेऊन मैदान डोक्यावर घेतले, पंचांनी बोट वर केले, फलंदाजाने दाद मागितली.

"बॅटला लागला न्हाय," रजियाबी चहाचा घोट घेत म्हणाली.

तिसऱ्या पंचांना हीच गोष्ट समजण्यास तब्बल चार मिनिटे लागली.