माझ्या टोकाची कडी

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. पण 'जुनी' हे मी म्हटलं तर चालतं, दुसऱ्यानं म्हटलेलं मला खपत नाही. मोरा बंदराच्या धक्क्याजवळ जमुनाबाईंच्या घरात दारामागं माझी जागा आहे. शेजारी छत्री आणि केरसुणी असतात. माझ्यासमोर दोघी तोंड उघडत नाहीत.

मी बांबूची नाही. कारखान्यात काचेचे बारीक धागे राळेत भिजवले, साच्यावर गुंडाळले, भट्टीत भाजले, तेव्हा कुठे मी झाले. म्हणून मी वाकते, पण सहजासहजी मोडत नाही. माझ्या अंगावर ओळीनं कड्या आहेत. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, त्यांच्यातून धावतो. शेवटची कडी माझ्या टोकावर टोपीसारखी बसते. ती वाकडी झाली की तंगूस घासतो, घासला की तुटतो आणि मासा आपल्या घरी जातो. ही टोपी ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं तिच्यावरच अडलं.

जमुनाबाईंच्या मुलाला, प्रितेशला, जवळच्या द्रोणागिरीतल्या गोदामात नोकरी लागली. पहिल्या पगारात लोक आईला साडी आणतात, यानं मला आणलं. "बोट हाय, जाली हाय, आनि ह्यो काठी घेऊन आला," असं म्हणून जमुनाबाईंनी मला कोपरा दाखवला. मग एका संध्याकाळी कुणी बघत नाही असं पाहून त्यांनीच मला हातात धरलं आणि चांगला दांडगा शिंगाळा मासा ओढला. त्या दिवसापासून मला न्यायचं तर प्रितेशला आईला विचारावं लागे. धक्क्यावर माझं नाव झालं. मला त्यात नवल वाटलं नाही.

पुढं प्रितेशचं लग्न झालं, गोदामातल्या पाळ्या वाढल्या, जमुनाबाईंचे गुडघे दुखू लागले. माझ्यावर मोजे वाळू लागले. मोजे, मित्रांनो. मी ते विसरले नाही.

प्रितेशची बायको मिताली कळंबोलीची. तिचे वडील कोंडिबा यांचं तिथं लोखंडाच्या बाजारात वेल्डिंगचं दुकान. माणूस घाटावरचा, बोलायला मोकळा. लग्नातला मासा खाऊन ते सहज म्हणून गेले होते, "चव चांगली हाय, पर बर्फातला दिसतोय." ते वाक्य जमुनाबाईंच्या मनात काट्यासारखं राहिलं. कोंडिबा रविवारी जेवायला येणार असा फोन आला, तेव्हा त्या बोलून बसल्या, "या व्याहीबुवा. जिताडा वाढीन, तो पन माजे घरच्यांनी धरलेला. विकतचा मासा माजे ताटान नाय."

फोन ठेवल्यावर त्यांना आठवलं की बोट दुरुस्तीला किनाऱ्यावर चढवली आहे आणि तिचं इंजिन खोललं आहे. घरात मासा धरणारी मी एकटीच उरले होते.

माझे मोजे भराभर उतरवले गेले. त्या घाईत प्रितेशनं दार ओढलं ते माझ्या टोकावरच. माझी काडी, म्हणजे अंग, वाचलं, पण टोकाची कडी चेपली.

प्रितेशनं लहानमोठ्या कड्यांचं पाकीट आणलं. आता प्रश्न होता, चिकटवायची कशानं?

आधी त्यानं झटपट चिकटणारा डिंक लावला. मी जरा मान सरळ करीपर्यंत तो सुकलासुद्धा. कडक होता, पण ठिसूळ. आम्ही काठ्या वाकतो, हिसके खातो, ते त्याला कसं सोसावं? धक्क्यावर पहिलाच गळ फेकला आणि गळाला बांधलेल्या शिशाच्या वजनामागोमाग माझी टोपी खाडीत गेली.

"बाजारचे डिंकाला काय भरवसा?" जमुनाबाई म्हणाल्या. "आपले बोटीचं रेझिन हाय ना. अख्खी बोट त्याचेवर उभी हाय."

दर्यावर राहणारी माणसंच असं करू जाणोत. त्यांना बोटीचं औषध सगळ्या दुखण्यांवर चालतं. डब्यातलं रेझिन आणि ते कडक करणारं हार्डनर कालवून प्रितेशनं कडी बसवली आणि मला भिंतीला टेकवून जेवायला गेला. रेझिन सावकाश सुकतं. ते सुकेपर्यंत कडी हळूच घरंगळली. सकाळी पाहतात तर बाकीच्या कड्या समोर बघताहेत आणि टोकाची शेजारणीच्या खिडकीत. ओढली, पिळली, पण ढिम्म हलेना. प्रितेशनं मला गॅसवर धरलं तेव्हा माझ्या अंगाचा जळका वास सुटला.

"ठेव खाली," मिताली म्हणाली. "काठीच जाळशील."

शेवटी करवतीनं माझं बोटभर टोक कडीसकट कापलं. माझी उंची कमी झाली. रुबाब झाला नाही.

शनिवार संध्याकाळ झाली होती. मिताली आतून तिचं गरम डिंकाचं पिस्तूल आणि त्यात वितळवायच्या डिंकाच्या पांढऱ्या कांड्या घेऊन आली. ती लोकांच्या लग्नांची रुखवतं सजवते. जमुनाबाईंनी कपाळाला हात लावला. "फुलां चिकटवायचा डिंक गो तो. त्याचेवर जिताडा ओढनार?"

"आई, रुखवतातली बाहुली नवरी वाकडी बसली तर मी गरम करते, सरळ करते. तुमच्या रेझिननं नवरी बसवली तर वाकडीच नांदायची."

"म्हंजे माजं चुकलं?"

"बोटीसाठी नाही चुकलं."

हे उत्तर मला आवडलं. मिताली माझ्यासारखीच आहे, बोलताना धार ठेवते पण म्यानासकट.

तिनं पाकिटातली थोडी मोठी कडी निवडली, कारण कापल्यावर माझं टोक जाडावलं होतं. मला आच दिली नाही, कडीची नळी तेवढी गरम केली. आत डिंक सोडला, माझ्यावर चढवली आणि एक डोळा मिटून बाकीच्या कड्यांच्या ओळीत फिरवून धरली. गार होईपर्यंत तिनं मला हातातून सोडलं नाही.

रविवारी उजाडताच तिघं मला घेऊन धक्क्यावर गेली. भरती लागत होती. जाईबाई मासेवाली पाटी घेऊन तिथंच बसली होती आणि पाटीत लखलखीत जिताडा होता.

"घेऊन जा गो जमुने. कोनाला सांगनार नाय."

"तुजा मासा तुजे पाटीन ठेव."

प्रितेशनं गळाला जिवंत कोळंबी लावली, मला मागं नेलं आणि माझं टोक धक्क्याच्या खांबावर आपटलं. कडी फिरली, थेट आडवी. जाईबाई पदरात तोंड घालून हसली. जमुनाबाईंनी पाटीतल्या जिताड्याकडं एकदा पाहिलं. तेवढ्यानं मला कळलं, बाई हरायला आली.

"लायटर कुणाकडं आहे?" मितालीनं विचारलं.

मग प्रितेशचा हात हळूच खिशात गेला आणि लायटर बाहेर आला.

"तू सिगारेट सोडली होतीस ना?" मिताली म्हणाली.

"उदबत्तीसाठी ठेवलाय."

"गोदामान उदबत्ती लावतंस?" जमुनाबाईंनी विचारलं. "घरी चल, तुजी आरती करतंय."

मितालीनं कडीच्या नळीला जराशी ऊब दाखवली. डिंक मऊ झाला, कडी सरळ फिरली, गार वाऱ्यात पुन्हा घट्ट बसली. रेझिन असतं तर तो दणका माझ्या काडीनं खाल्ला असता आणि मी आज बोलत नसते.

गळ पडला. कोळंबी पाण्यात फिरली. आणि मग अशी ओढ आली की मी मुठीपर्यंत वाकले. जिताडा उसळला, खांबांकडं धावला, माझ्या टोकावर सगळं वजन आलं. तंगूस सरसर धावला, पण घासला नाही. माझी टोपी जागची हलली नाही. "ढील दे, ढील दे," म्हणत जमुनाबाई गुडघे विसरून काठावर आल्या आणि त्यांनीच हातजाळ्यानं मासा वर घेतला. मग जाईबाईच्या पाटीला लागूनच ठेवला, मुद्दाम.

दुपारी कोंडिबांना मधला तुकडा वाढला. त्यांनी एक घास खाल्ला, मान खाली घातली आणि दुसरा तुकडा मागितला. जमुनाबाईंना तेवढं पुरलं. हात धुतल्यावर ते मला निरखून म्हणाले, "विहीणबाई, ही टोकाची कडी मी पक्की वेल्ड करून देऊ का? जन्मात हलायची नाय."

"नको व्याहीबुवा," जमुनाबाई म्हणाल्या. "हलली तर सरळ करायला माजी सून हाय."

मिताली स्वयंपाकघरात होती. तिनं ऐकलं की नाही ठाऊक नाही, पण भांडी घासायचा आवाज थांबला होता.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला खाऱ्या पाण्यातून आणल्यावर गोड्या पाण्यानं पुसा. दाराच्या फटीत ठेवू नका. उन्हात तापलेल्या गाडीत विसरू नका, डिंक पाघळतो. तिची टोपी अशा डिंकानं बसवा, जो कामाला घट्ट धरील आणि ऊब दिली की सोडील. आणि मोजे वाळत घालायला दुसरी जागा शोधा.