देठावरच्या घंटा

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात थोरला भाऊ हवेचे पंप सांभाळायचा आणि धाकटी बहीण सूक्ष्मदर्शकाशी बसायची. टाकीतल्या पाण्याच्या थेंबात तिला रोज देठावर डोलणारे, घंटेसारखे जीव दिसत. सुटे जिवाणू खाऊन ते पाणी नितळ करत. त्या सकाळी मात्र नुसते देठ उरले होते.

"दादा, टाकीत हवा कमी पडतेय का रे? हवा कमी झाली की या घंटा देठ सोडून जातात."

"मीटर तर ठीक दाखवतोय. आणि बाहेर पडणारं पाणी बघ, काचेसारखं आहे."

तिने दुसरा थेंब पाहिला. तेच. पाण्यावर विश्वास ठेवावा की थेंबावर, तिला कळेना. तिचा उतरलेला चेहरा बघून भावाने जास्तीचा पंप चालू केला. दुपारी पाणी गढूळ झालं, तशी ती आणखीच गोंधळली.

दोन दिवसांनी थेंबात पुन्हा घंटा डोलू लागल्या. पाणीही निवळलं.

"म्हणजे हवाच कमी होती," तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

भावाने डोकं खाजवलं. "तुला सांगायचं राहिलं. तो पंप लगेच बंद पडला होता."

"मग हे परत आले कसे?"

"मला काय विचारतेस? तुझी माणसं ती."

तिने पुन्हा भिंगाला डोळा लावला.