गाऱ्हाण्याचा आवाज

परशुराम गावकर तरुणपणापासून गावच्या रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालायचा. कुणाचं लग्न जमत नसे, कुणाची गाय आटलेली असे. माणूस शेजारी हात जोडून उभा राही आणि परशुराम त्याच्या वतीने देवाशी बोले.

गेल्या वर्षी देवस्थान कमिटीने ऑनलाइन दर्शन सुरू केलं. ते परशुरामाचा पुतण्या देवेश सांभाळायचा. त्याने काकाकडून एकच गाऱ्हाणं रेकॉर्ड करून घेतलं. मुंबईकर मोबाइलवर नाव नोंदवत, देवेश ते स्क्रीनवर लावी आणि रेकॉर्डिंग सुरू करी. परशुरामाला कुणी बोलावीनासं झालं.

मग त्याची बायको सुगंधा आजारी पडली. कणकवलीत ऑपरेशन ठरलं. मुंबईहून आलेल्या मुलाला, विनीतला, तिच्यापाशी बसवून परशुराम ऑपरेशनच्या दिवशी सकाळच्या एसटीने गावाकडे निघाला आणि थेट देवळात आला.

"काका, वायच थांबा. लाइव्ह चालू आसा," देवेश म्हणाला.

"माका तुझ्या काकीसाठी गाराणा घालूचा आसा."

"मगे मी नाव लावतंय मा. आवाज तुमचोच आसा."

"अरे, मी हयसर उभो आसंय!"

तोवर देवेशने पुढचं नाव लावलंही होतं. स्पीकरमधून परशुरामाचा आवाज घुमला, "बा देवा महाराजा..." स्क्रीनवर लोकांनी टाइप केलेले 'होय महाराजा' भराभर वर सरकत होते. परशुराम खांबाला टेकून सुगंधासाठी शब्द शोधू लागला. पण जो शब्द सुचे, तो स्पीकर आधीच बोलून टाकी, आणि तोही कुणा भलत्यासाठी. शेवटी तो गाऱ्हाणं न घालताच कणकवलीला परत फिरला.

ऑपरेशन नीट पार पडलं. संध्याकाळी सुगंधाने त्याचा हात धरला.

"आत नेच्या आधी विनीतान माका मोबाइलवर आयकवल्यान. तुमी माझ्यासाठी गाराणा घालत होतास."

परशुरामाने मुलाकडे पाहिलं. विनीत खिडकीबाहेर बघत होता.

"माझ्या नावाकडे येवन थांबलास," ती म्हणाली. "रडाक इला मा तुमका?"

रेकॉर्डिंगमधली ती नावाची जागा देवेशने रिकामी ठेवायला लावली होती. तिथे ज्याचं त्याचं नाव स्क्रीनवर दिसे.

"होय," परशुराम म्हणाला.

घरी आल्यावर सुगंधा भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ते कौतुकाने सांगायची. तिने सुरुवात केली, की परशुराम उठून मागीलदारी जायचा.